निळ्या शाईतला नाला

कागदावर प्रामाणिकपणे ओढलेली एक रेष शहराला शंभर वर्षं सांभाळते. हे वाक्य आमच्या कार्यालयात साहेबांच्या खुर्चीमागं चौकटीत लावलेलं होतं. साहेब बदलत, चौकट राही. या वाक्यावर अक्षरशः विश्वास ठेवणारा माणूस त्या इमारतीत मला एकच भेटला, आणि आमच्या वसाहतीत पाणी शिरलं ते त्याच्यामुळे.

त्यांना सगळे मामा म्हणत. नकाशांच्या नकला करणं हे त्यांचं काम. सरकारी भाषेत अनुरेखक, बोलण्यात ट्रेसर. मूळ नकाशावर अर्धपारदर्शक कापड पसरायचं, चारी कोपऱ्यांना टाचण्या लावायच्या आणि खाली दिसणारी प्रत्येक रेष शाईनं वर उतरवायची. मी त्याच कार्यालयात आवक-जावकचा कारकून होतो. त्यांच्या खोलीत जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. आत देव नव्हता, पण धूळ येते म्हणून. साहेबांनासुद्धा सवलत नव्हती. एका साहेबांच्या मोज्याला भोक होतं, ते त्यानंतर कधी आत गेले नाहीत.

रेष ओढताना मामा श्वास रोखून धरत. त्या वेळी कुणी बोललं तर उत्तर मिळत नसे, आणि मिळालं तर ते पाच मिनिटांनी, भलत्याच माणसाला मिळे.

रविवारी ते तांब्या घेऊन शहराबाहेर जात. कारखाने आल्यापासून शहर चारी बाजूंना पसरत होतं, आणि जिथं नवे खुंट ठोकलेले दिसतील तिथं मामा जाऊन उभे राहत. तांब्यातलं पाणी जमिनीवर ओतत आणि ते कुठं जातंय ते बघत बसत. सकाळच्या वेळी तांब्या घेऊन मोकळ्या रानात उभ्या असलेल्या माणसाबद्दल लोकांचा जो समज होतो तो झालाच होता. एकदा आमच्या शिपायानं त्यांना गाठलं.

"काय मामा, इतक्या लांब?"

"पाणी कुठं जातं ते बघतोय."

"कुणाचं?" शिपायानं विचारलं. हा किस्सा कार्यालयात वर्षभर पुरला. मामांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही.

ते करमाडच्या बाजूचे, मेंढपाळ घरातले. लहानपण मेंढरांमागं गेलेलं. जमिनीचा उतार आपल्याला डोळ्यांनी दिसतो, त्यांना तो तळपायांनी कळे. "माझा बाप नकाशा वाचत नव्हता," ते सांगत, "मेंढरं कुठं बसंनात ते बघायचा. पावसाळ्यात मेंढरू वघळीत, पाण्याच्या वाटंवर, बसत नाय. मारलं तरी बसत नाय." मग म्हणत, "माणूस बसतो."

पोलीस अ‍ॅक्शननंतर थोड्याच दिवसांत ते नोकरीला लागले. तेव्हा सगळे नकाशे उर्दूत होते आणि ते मराठीत आणायचं काम निघालं होतं. त्यांना हाताखाली घेतलं ते निजामाच्या काळातल्या एका म्हाताऱ्या नक्कलनवीसानं. मामा त्यांना उस्ताद म्हणत आणि त्यांचं नाव निघालं की कानाच्या पाळीला हात लावत. उस्तादांनी पहिल्या दिवशी सांगितलेला नियम त्यांनी मला निदान शंभर वेळा ऐकवला असेल: "पानी नीला, सरहद काली. इसमें गड़बड़ करना नको मियाँ." पाणी निळं, हद्द काळी. भाषा बदलली, सरकार बदललं, शाई बदलली नाही. मामांच्या नकाशात नदी, नाला, ओहोळ सगळं निळं असे. आणि तो निळा रंग ते स्वतः घोटून करत, दौतीला दुसऱ्याचा हात लागू देत नसत.

मग यंत्र आलं. अमोनियावर चालणारं, ट्रेसरनं काढलेल्या कापडावरून हव्या तेवढ्या प्रती छापणारं. यंत्राला हार घातला, नारळ फोडला, आणि साहेबांनी प्रगती या विषयावर भाषण केलं. त्या बंद खोलीत अमोनियाचा वास असा कोंडला होता की साहेबांचं भाषण ऐकून लोकांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच पाणी आलं.

मामा त्या खोलीत गेले नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. छापील प्रत त्यांनी हातात धरली नाही. "ते छापणं नाय, ते धुणं हे," असं त्यांचं मत होतं. "कापड दिलं माझं काम झालं. पुढं परटाचं."

यंत्रापाठोपाठ एक परिपत्रक आलं. यापुढे सर्व रेषा काळ्या शाईत काढाव्यात. ते फिरवून प्रत्येकाची सही घेणं माझं काम होतं. मामांनी ते दोनदा वाचलं.

"पाणी अन् हद्द एकाच रंगात?" ते म्हणाले. "म्हंजे माणूस नाल्याला हद्द समजणार अन् तिथं भिंत बांधणार. का म्हणून काळी?"

"तसं लिहिलंय."

"का, ते लिहिलंय का?"

मी कागद उलटून पाहिला. का, ते लिहिलेलं नव्हतं. मामांनी सही केली आणि शेजारी 'वाचले' असं लिहिलं. 'मानले' असं लिहायला तिथं रकाना नव्हता. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा निळा रंग घोटत होते. मी ते पाहिलं. माझं काम सही घेण्याचं होतं, ती मी घेतली होती.

पुढची दहा-बारा वर्षं ते कार्यालय सुरळीत चाललं. मामांच्या कापडावरून छापलेले नकाशे बाहेर जात होते. कुणाच्या शेताचे तुकडे पडत होते, कुणाची वसाहत मंजूर होत होती, कुठं रस्ता आखला जात होता. मलाही घर हवं होतं.

कार्यालयातल्या नोकरांची गृहनिर्माण संस्था निघाली. अध्यक्ष आमचे हेडक्लार्क. माणूस सरळ, दुसऱ्याच्या कामाला पळणारा, पण शिक्का दिसला की त्यांची शंका मिटायची. शहराला लागूनच असलेल्या साताऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, नव्या रस्त्याच्या अलीकडं जमीन घेतली. रस्ता भरावावर, घरांच्या खिडक्यांच्या वर जाईल इतका उंच. त्याचं आम्हाला कौतुक वाटलं. वाहनांची धूळ वरच्या वर जाईल असं अध्यक्ष म्हणाले. वसाहतीच्या नावावर तीन बैठका झाल्या आणि 'शिखर' हे नाव ठरलं. आसपासच्या सगळ्या जमिनीत ती जागा सखल होती.

तिथं नाला आहे हे आम्हाला दिसायला हवं होतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. एक खोलगट पट्टा होता. त्यात बाभळी होत्या, वीटभट्टीची राख होती, कुणाच्या पाडलेल्या घराचा मलबा होता. ठेकेदारानं मुरूम टाकून तो भरला. सपाट झालेली जागा बघून आम्ही पेढे वाटले.

माझ्या घराच्या वास्तुशांतीला मामा आले. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर. त्या वर्षी ते निवृत्त होणार होते. आतापर्यंत मला भाऊ म्हणत, उंबऱ्यात पाय ठेवताच म्हणाले, "या मालक." माझं घर असून मला या म्हणाले. मग आईकडं वळले.

"माय, तांब्याभर पाणी द्या."

आईनं दिलं. त्यांनी ते बैठकीच्या मधोमध ओतलं.

"अहो मामा! आत्ता पुसलंय ना!"

"थांबा माय. जाऊ द्या त्याला."

आई, माझी बायको आणि पाचसहा पाहुणे पाण्याकडं बघत उभे राहिले. पाणी जरा घुटमळलं आणि पुढच्या, रस्त्याकडच्या उंबऱ्याशी जाऊन साचलं. आईनं फडकं टाकलं. मामा मान वर करून खोली बघू लागले, आणि त्यांची नजर समोरच्या भिंतीवर थांबली. तिथं मी वसाहतीचा मंजूर नकाशा चौकटीत घालून लावला होता.

ते जवळ गेले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला.

"हा बाण माझा हे," ते म्हणाले. उत्तर दिशा दाखवणाऱ्या बाणाला ते एक छोटं पीस काढत, ते तिथं होतं. "अक्षर माझं हे. विहीर माझी हे. हद्द माझी." मग त्यांचं बोट काचेवरून डोंगराकडून रस्त्याकडं सरकत आलं आणि मधेच थांबलं. "नाला कुठंय?"

अध्यक्ष जिलबीची ताटली घेऊन शेजारी उभे होते. "कसला नाला मामा? मंजूर नकाशा आहे. शिक्का बघा."

"शिक्का दिसतो हो. नाला दिसंना."

"नाहीच, तर दिसंल कसा?"

"मी काढलाय तो. माझ्या हातानं काढलाय. निळ्या..."

तिथं ते थांबले. ते ओल्या फरशीवर तसेच खाली बसले. लोकांना वाटलं भोवळ आली. आई पंखा घेऊन धावली. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मालक, ते काळ्या शाईचं पत्र तुम्हीच आणलं होतं नव्हं?"

"हो."

"का काळी, ते त्यात नव्हतं."

"नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ते यंत्राच्या खोलीत गेले. मीही गेलो. कपाटातून त्यांनी आमच्या भागाचं मूळ कापड काढलं होतं. त्यावर डोंगरातून उतरणारा, आमच्या वसाहतीतून नेमका माझ्या आणि अध्यक्षांच्या घरावरून जाणारा नाला होता, जिवंत, निळाशार. यंत्र चालवणाऱ्यानं कापड आत सरकवलं. ओलसर, जांभळट रेघांची प्रत बाहेर आली. हद्दी आल्या, विहीर आली, पिसाचा बाण आला. नाल्याच्या जागी कोरा कागद होता.

"निळं येत नाय की मामा यात," यंत्रवाला म्हणाला. "उजेड आरपार जातो, रेघ उमटतच नाय. सगळ्यांना माहितीय."

"सगळ्यांना?"

"म्हणजे, मशीनवाल्या सगळ्यांना."

मामांनी भिंतीला टेकून हिशेब केला: यंत्र आल्यापासून आपल्या हातची किती कापडं या खोलीत आली. त्यांना आठवेना. मग ते म्हणाले, "म्हंजे मी शहर कोरडं केलं."

मला वाटत होतं, आता काहीतरी होईल. एवढी भयंकर गोष्ट समजल्यावर काहीतरी होतंच, अशी माझी समजूत होती. मामांनी निवृत्तीपर्यंत रोज एक कापड काळ्या शाईनं पुन्हा काढलं. आमच्या भागाचं पहिलं काढलं आणि अर्जासोबत वर पाठवलं. त्याची आवक मीच नोंदवली. उत्तर निघालं, त्याची जावकही मीच केली: 'मंजूर नकाशात सदर ठिकाणी नाला आढळून येत नाही. प्रत्यक्ष जागेवरही नाला नसून वसाहत आहे.' नव्या रस्त्याखाली पाणी जायला नळ का टाकले नाहीत, याचं उत्तरही तेच होतं. रस्ता आखणाऱ्यांकडं आमचाच नकाशा होता.

संस्थेच्या बैठकीत मामांना बोलावलं. अध्यक्ष चिडले होते.

"मामा, तुमच्या एका रेघेसाठी चाळीस घरं पाडायची का?"

"पाडू नका. रस्त्याखालून वाट तरी करून द्या त्याला."

"कुणाला?"

"नाल्याला."

"जमीन घेतल्याला तीन वर्षं झाली, आला का कधी तो? का तुमच्याकडंच येतो भेटायला?"

लोक हसले. मामांनी माझ्याकडं बघितलं. यंत्राच्या खोलीत मी होतो, कोरा कागद मी पाहिला होता. नाला आहे असं एकदा बोलून गेलो असतो तर माझं घर कुणी फुकटसुद्धा घेतलं नसतं. मी समोरची सतरंजी बघत राहिलो. बरी होती सतरंजी.

निवृत्तीनंतर मामा रोज दुपारी चार वाजता आमच्याकडं येऊ लागले. माझ्याकडं नव्हे, आईकडं. आईचे गुडघे गेलेले. घर सोडून ती कुठं जात नसे. घराला वरचा मजला नव्हता, नुसती गच्ची आणि गच्चीवर जाणारा सोळा पायऱ्यांचा जिना. मामा खाली उभे राहत.

"माय, चला. चढायचं."

"वर काय ठेवलंय माझं?"

"काय नाय. म्हणून तर जागा हे."

"तुम्ही एवढे नाल्याच्या ओळखीचे, तर त्यालाच सांगा की तिकडून जा म्हणून."

"सांगितलं असतं माय. पण तो जुना, आपण नवे. कुणी कुणाला सांगायचं?"

आई शिव्या घालत चढे. पहिल्या वर्षी सहा पायऱ्यांवर बसायची. बायको म्हणाली, या माणसाला आवरा, सासूबाईंना काही झालं तर? मी आवरलं नाही; बैठकीत गप्प बसल्याची ती माझी भरपाई असावी, आणि फार स्वस्तातली. दुसऱ्या वर्षी आई वरपर्यंत जाऊ लागली. मग तिनं वर पापड वाळत घालायला सुरुवात केली, म्हणजे चढण्याला स्वतःचं कारण झालं. मामा खालून पायऱ्या मोजत.

पाणी शिरलं त्या दिवशी इथं ऊन होतं. गौरी-गणपती होऊन गेले होते. डोंगराच्या माथ्यावर काळं झालेलं दिसत होतं, एवढंच. मी कार्यालयात, बायको शाळेत शिकवायला गेलेली, मामा सिल्लोडला लेकीकडं. घरात आई एकटी होती.

पाणी मागच्या दारानं आलं. आई सांगायची, आवाज नव्हता. चपला तरंगत आल्या म्हणून तिनं मागं वळून पाहिलं. ते पुढच्या दारानं निघून जाईल असं तिला वाटलं, पण पुढं भरावाचा रस्ता होता आणि त्याखालून वाट नव्हती. पाणी अडलं आणि चढू लागलं. आई जिना चढली. कुणाच्या हाताशिवाय, सोळाच्या सोळा. वर गेल्यावर तिला शेजारच्या गच्चीवर अध्यक्ष आणि त्यांच्या घरची माणसं दिसली. सगळे सुखरूप होते.

मग अध्यक्षांना आठवलं की संस्थेची सगळी कागदपत्रं, मंजूर नकाशासकट, खालच्या खोलीत लोखंडी कपाटात आहेत.

"अहो, राहू द्या कागद!" आई गच्चीवरून ओरडली. त्यांच्या मंडळीनं हात धरला होता.

"आलोच," ते म्हणाले आणि उतरले.

मी पोचलो तेव्हा रस्त्यावर गर्दी होती. एका बाजूला कोरडं रान, दुसऱ्या बाजूला रस्त्याच्या काठापर्यंत गढूळ पाणी, त्यात गच्च्या, आणि वर स्वच्छ ऊन. हे दृश्य मला अजून नीट समजलेलं नाही. एका गच्चीवर आई बसलेली दिसली. ती हात हलवत नव्हती, हाक मारत नव्हती. अखेर कुणीतरी खोदायचं यंत्र आणून रस्ता फोडला आणि पाणी पलीकडं गेलं, जिथं ते मामांच्या कापडावर जात होतं तिथूनच. अध्यक्ष त्यांच्याच खोलीत, कपाटापाशी सापडले. कपाटाचं कुलूप उघडलेलं होतं.

"वर आलेला माणूस होता रे," आई म्हणत राहिली. "वर आलेला माणूस खाली उतरला."

मामा तिसऱ्या दिवशी आले. आधी अध्यक्षांच्या घरी गेले. त्यांच्या मंडळीनं त्यांना बसायला सांगितलं, चहा ठेवला. मामांनी कपाला हात लावला नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, निळ्या शाईपासून. त्या बाईंना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्या म्हणाल्या, "ते नेहमी म्हणायचे, मामांचं अक्षर लई सुरेख." मामा तिथून निघाले आणि आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी शेजारी बसलो. या वेळी समोर सतरंजी नव्हती.

चौकशी बसली. चौकशी अधिकाऱ्यांसमोर मामा स्वतः होऊन गेले, मी कपाटातून काढून दिलेली निळ्या आणि काळ्या नाल्याची दोन्ही कापडं बगलेत घेऊन. सोबत मी होतो.

"साहेब, नाला मी पुसला."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या नोकरीत असं कुणी म्हटलं नसावं. "तुम्ही निवृत्त आहात ना?"

"व्हय."

"मग तुमच्यावर कारवाई होत नाही."

"मंग लिहून तरी घ्या."

"कोणत्या मुद्द्याखाली लिहू? माझ्याकडं तीन मुद्दे आहेत. पाऊस किती झाला, नुकसान किती झालं, मदत किती द्यायची."

मी म्हणालो, परिपत्रकावर सही मी घेतली होती, प्रत मीही पाहिली होती. अधिकाऱ्यांनी माझ्याकडं सहानुभूतीनं बघितलं. "तुम्ही नुकसानग्रस्त आहात ना? तुमचा अर्ज शेजारच्या टेबलावर."

अहवालात कारण अतिवृष्टी आलं. मामांनी तो कागद माझ्याकडून वाचून घेतला आणि विचारलं, "पण इथं तर ऊन होतं नव्हं?" त्यानंतर त्यांचं रविवारी फिरणं थांबलं. चार वाजता मात्र ते यायचे, आई वर जायची, ते खाली उभे राहायचे. एका उन्हाळ्यात आले नाहीत. आईनं दोन दिवस वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी सिल्लोडहून निरोप आला.

वसाहत आहे तिथंच आहे. रस्ता दुरुस्त करताना त्याखाली दोन नळ टाकले. त्यांच्या तोंडाशी आता रसवंती आहे. कुणीही घर सोडून गेलं नाही. आम्हीही गेलो नाही. मिळालेल्या मदतीत थोडी भर घालून वरचा मजला चढवला आणि सगळे वर राहायला गेलो. आई शेवटपर्यंत तिथंच होती. खालचं घर भाड्यानं दिलं आहे. कुटुंब चांगलं आहे. बरोबर म्हातारे आई-वडील असल्यामुळे त्यांना तळमजलाच हवा होता.